नॉर्डश्लायफवरची पहिली फेरी: वेगाआधी साईड द्यायला शिका

दर वर्षी मार्च उजाडला की मला दोन-चार फोन ठरलेले. पुण्या-नाशिकहून श्टुटगार्टला, म्युनिकला नोकरीसाठी आलेली मुलं-मुली, बहुतेक जण गाड्यांच्याच धंद्यातले इंजिनीअर. प्रश्न एकच: "दादा, रिंगवर जायचंय. काय काय लागतं?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगताना काहीतरी राहूनच जातं, आणि राहून गेलेली गोष्ट इथे महागात पडते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो.

रिंग म्हणजे न्युर्बुर्गरिंग, आणि त्यातही नॉर्डश्लायफ, म्हणजे उत्तरेकडचा जुना मार्ग. आयफेलच्या डोंगरात, कोलोनच्या दक्षिणेला. १९२७ मध्ये सुरू झाला. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं ७३, सगळ्यात खालची जागा आणि सगळ्यात वरची जागा यांत जवळजवळ ३०० मीटरचा फरक. फॉर्म्युला वन चालक जॅकी स्टुअर्टने याला 'हिरवा नरक' म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. आपल्याला समजायला सोपं करून सांगतो: वरंधा घाट डोळ्यांसमोर आणा, तो एकेरी करा, डांबर उत्तम करा, दोन्ही बाजूंना अगदी जवळ लोखंडी कठडे लावा, आणि मागून ताशी २५० च्या वेगाने येणारी पोर्शे त्यात घाला.

हंगामात ठरलेल्या दिवशी हा मार्ग सर्वांसाठी खुला असतो. तिकीट काढायचं, फाटक उघडलं की निघायचं. याला 'टुरिस्टेनफार्टेन' म्हणतात. हे इतकं सोपं आहे, आणि धोका या सोपेपणातच आहे.

नवखा माणूस महिनाभर अश्वशक्ती, टायर आणि वळणाची रेषा यांचा अभ्यास करून येतो. मीही तसाच आलो होतो. पहिल्या फेरीत कळलं, की त्यातलं फारसं काही लागलं नाही. जे लागलं त्याचा सराव कधी केलाच नव्हता: मागून येणाऱ्याला वेळेवर दिसणं, त्याला वेळेवर पाहणं आणि नीट साईड देणं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे डोक्यात ठेवा.

१. ट्रॅक डे की टुरिस्टेनफार्टेन, आधी ठरवा

या दोन गोष्टी लोक एकच समजतात. ट्रॅक डेला आयोजक अख्खा ट्रॅक भाड्याने घेतो. आधी नाव नोंदवावं लागतं, सकाळी सूचनांची बैठक होते, अनुभवानुसार गट पाडतात, हेल्मेट सक्तीचं असतं, कुणी कुणाला कुठे ओलांडायचं याचे नियम असतात. टुरिस्टेनफार्टेनमध्ये मात्र नॉर्डश्लायफ हा कायद्याने एकेरी टोल रस्ता असतो. जर्मनीचा वाहतूक कायदा लागू. उजवी बाजू धरून चालवायचं, ओलांडायचं ते फक्त डावीकडून, शर्यत लावायची नाही, वेळ मोजायची नाही, विनाकारण थांबायचं नाही. पुढे गट वगैरे काही नाही. तुमच्या पुढे कुटुंबाला घेऊन फिरायला आलेली व्हॅन असेल आणि मागे इथेच हजार फेऱ्या मारलेला माणूस.

माझं स्पष्ट मत: आयुष्यात एकदाही गाडी तिच्या मर्यादेजवळ नेलेली नसेल, तर पहिला दिवस नॉर्डश्लायफचा नको. आधी होकेनहाइमला जा. ४.५७४ किलोमीटरचा, जवळपास सपाट मार्ग, वळणांबाहेर मोकळी जागा भरपूर. तिथे जोरात ब्रेक मारल्यावर गाडी काय करते, एबीएसची थरथर पायाला कशी लागते, टायर घसरण्याआधी कसा आवाज करतो, हे सगळं चुकत चुकत शिकता येतं. नॉर्डश्लायफवर चुकायला जागा नाही. डांबर, मग थोडं गवत, मग कठडा.

२. कागद: परवाना आणि विमा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण माझ्याकडे रडकुंडीला येऊन आलेले फोन बहुतेक याच पायरीचे.

पहिलं, परवाना. भारतीय वाहनपरवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, तोही भाषांतरासह. त्यानंतर जर्मन परवाना हवाच, आणि भारतीय परवान्यावर तो नुसता बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सातव्या महिन्यात भारतीय परवान्यावर रिंगवर गेलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना गाडी चालवताय. अपघात झाला तर विमा वगैरे पुढच्या सगळ्या गोष्टी तिथेच कोसळतात. "रस्त्यावर कुणी विचारत नाही" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

दुसरं, विमा. जर्मनीत गाडीला दोन प्रकारचे विमे असतात. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा 'हाफ्टफ्लिश्ट' सक्तीचा, आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा 'कास्को' ऐच्छिक. अनेक कंपन्यांच्या कास्कोच्या अटींमध्ये शर्यतीच्या मार्गांवरचं नुकसान वगळलेलं असतं, मग ती टुरिस्टेनफार्टेन का असेना. काही अटींत 'जास्तीत जास्त वेग गाठण्यासाठीच्या फेऱ्या' असे शब्द असतात. तुम्ही मोबाइलवर फेरीची वेळ मोजत होता हे सिद्ध झालं तर हेच शब्द तुमच्या विरोधात जातात. म्हणून स्टॉपवॉचचं ॲप गाडीत नकोच. अटींचं पुस्तक काढा, 'रेनश्ट्रेक' (म्हणजे शर्यतीचा मार्ग) आणि 'नॉर्डश्लायफ' हे शब्द शोधा, आणि शंका असेल तर कंपनीला लेखी विचारा. फोनवरचं तोंडी "हो, चालेल" काही कामाचं नाही.

कठड्याला धडकलात तर कठड्याच्या बदललेल्या तुकड्यांचं, गाडी ओढून नेण्याचं आणि साफसफाईचं बिल तुमच्या नावावर येतं. गाडीचं नुकसान वेगळंच. ही रक्कम हजारो युरोंत सहज जाते. "माझी गाडी आज भंगारात गेली तर मला झेपेल का?" हा प्रश्न घरी, जेवणाच्या टेबलावर, बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारा. उत्तर 'नाही' असेल तर पायरी ३ मधला भाड्याच्या गाडीचा मार्ग घ्या.

सोबत ठेवायचे कागद:
- मूळ वाहनपरवाना (फोटो किंवा झेरॉक्स नव्हे)
- पासपोर्ट आणि निवासपरवान्याचं कार्ड
- गाडीचं नोंदणीपत्र
- विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा आपत्कालीन फोन
- क्रेडिट कार्ड, कारण भाड्याच्या गाडीची अनामत बहुधा त्यावरच अडकवतात

३. गाडी कोणती?

विमानतळावरून घेतलेली नेहमीची भाड्याची गाडी रिंगवर न्यायची नाही. जवळपास प्रत्येक करारात याला साफ मनाई असते. एका ओळखीच्या मुलाने "कुणाला कळणार?" म्हणून नेली, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही, पण प्रेक्षकांपैकी कुणीतरी काढलेल्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती. दंड भरावा लागला आणि त्या कंपनीने पुन्हा गाडी दिली नाही.

न्युर्बुर्ग गावात आणि आसपास खास रिंगसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात: चांगले ब्रेक, चांगले टायर, कधी संरक्षक पिंजरा आणि शर्यतीचं आसन. स्विफ्टसारख्या छोट्या गाडीपासून पोर्शे ९११ जीटी३ पर्यंत. करारात तीन आकडे बघा: फेऱ्या किती, पेट्रोल कुणाचं, आणि अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार. तिसरा आकडा वाचूनच गाडी निवडा.

पहिल्यांदा छोटी गाडी घ्या. शक्तिशाली स्पोर्ट्‌स कार चालवायला आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. पण हिशोब साधा आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. चारशे अश्वशक्तीची गाडी प्रत्येक दोन वळणांमध्ये इतका वेग पकडते, की पुढचं वळण कोणतं हे आठवायच्या आत ते समोर असतं. छोट्या गाडीत विचार करायला वेळ मिळतो. मी पहिल्या आठ फेऱ्या भाड्याच्या स्विफ्टमध्ये मारल्या. नंतर जुनी पोर्शे कायमन घेतली, तेव्हा रस्ता तोंडपाठ होता आणि लक्ष फक्त गाडीकडे द्यायचं होतं. मध्यभागी इंजिन असलेली ती गाडी वळणात काय सांगते ते मला ऐकू आलं, ते त्या आठ फेऱ्यांमुळेच.

अजून एक मार्ग आहे आणि तो फार चांगला आहे: पहिली फेरी व्यावसायिक चालकाच्या शेजारी बसून घ्या. याच गावात वाढलेल्या साबिने श्मित्झ बरीच वर्षं इथे 'रिंग टॅक्सी' चालवत. १९९६ आणि १९९७ मध्ये इथली २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०२१ मध्ये त्या गेल्या, आणि आता इथल्या पहिल्या वळणाला त्यांचं नाव आहे. शेजारी बसून फेरी देणाऱ्या सेवा आजही आहेत. चालक आरशात किती वेळा बघतो ते मोजा.

४. स्वतःची गाडी नेणार असाल तर

आधी ब्रेक, मग टायर, मग बाकी सगळं. इंजिनची ताकद वाढवण्याचा विचारही नको.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रमाणित प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणात धरलेली किमान मर्यादा १५५ अंश. आयफेलच्या उतारावर ही मर्यादा गाठायला एक फेरी पुरते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कायमन पहिल्यांदा नेली तेव्हा गॅरेजवाल्याने "ऑइल अजून वर्षभर चालेल" म्हटलं आणि मी ऐकलं. नॉर्डश्लायफवरचा वेअरझायफेनचा उतार संपताना पेडल जवळजवळ तळाला टेकलं. खालचे गिअर टाकत, पेडल दोन-तीनदा पंप करत गाडी सावरली, आणि उरलेले बारा किलोमीटर धोक्याचे दिवे लावून, उजवी कड धरून काढले. त्या दिवसानंतर प्रत्येक हंगामाआधी नवं, जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल घालतो. पॅड अर्ध्याहून जास्त झिजलेले असतील तर तेही बदला.

टायरमधली हवा थंड असताना मोजा आणि एक फेरी झाल्यावर लगेच पुन्हा मोजा. गरम टायरमध्ये दाब ०.३ ते ०.५ बार सहज चढतो. चढलेला दाब सुचवलेल्यापेक्षा जास्त असेल तर थोडी हवा काढा, आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरायला विसरू नका. टायर जुने, कडक झालेले असतील तर खोबणी कितीही खोल दिसो, नको. अर्धवट शर्यतीचे, कमी खोबणीचे टायर नवख्याने टाळावेत. आयफेलमध्ये एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस ही रोजची गोष्ट आहे.

चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा. इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ असू द्या, कूलंट बघा, कुठेही गळती नको. गाडीतलं सुटं सगळं बाहेर काढा: पाण्याची बाटली, छत्री, डिकीतली पिशवी, पायाखालची मॅट. ब्रेक पेडलखाली गेलेली बाटली मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

सोबत न्यायचं सामान:
- टायरचा दाब मोजायचं यंत्र आणि छोटा पंप
- टॉर्क पाना
- एक लिटर इंजिन ऑइल
- परावर्तक जाकीट, जितकी माणसं तितकी, आणि हाताशी, डिकीत नको
- हेल्मेट, इथे सक्तीचं नाही, पण मी घालतो. विकत घेताना मोटारशर्यतीसाठीचं घ्या, कारण ते आगीच्या दृष्टीनेही तपासलेलं असतं
- पातळ तळाचे बूट

५. रस्ता पाठ करा, तुकड्या-तुकड्याने

७३ वळणं एका रात्रीत पाठ होत नाहीत. सिम्युलेटरवर महिनाभर खेळा, त्याचा उपयोग नक्की होतो. वळणांचा क्रम डोक्यात बसतो. पण पडद्यावर चढ-उतार कळत नाहीत. फुक्सरोअर नावाच्या उताराच्या तळाशी गाडी जमिनीत दाबली जाते तेव्हा पोटात काय होतं, हे कुठलाही पडदा सांगत नाही. म्हणून सिम्युलेटरवर जो वेग जमला, त्याच्या निम्म्याने प्रत्यक्ष सुरुवात करा.

मी रस्त्याचे पाच भाग केले होते: सुरुवातीपासून आरेमबेर्ग, तिथून ब्रायडशाइडचा पूल, पुलापासून कारुसेल, कारुसेलपासून फ्लांत्सगार्टेन, आणि शेवट. एका फेरीत एकाच भागाकडे बारीक लक्ष द्यायचं, बाकीचे नुसते काढायचे.

६. दिवस कोणता निवडाल

वेळापत्रक रिंगच्या अधिकृत संकेतस्थळावर असतं. हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. एका फेरीचं तिकीट ३० युरोंच्या आसपास, शुक्रवार ते रविवार थोडं जास्त. निघण्याआधी चालू दर बघून घ्या. आठवड्यातली संध्याकाळ निवडा. वेळ दोनच तास मिळतो, पण गर्दी कमी. सुट्टीचे दिवस टाळा, आणि ईस्टरआधीचा शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तर अजिबात नको. त्या दिवशी निम्मा युरोप गाड्या घेऊन तिथे जमतो.

लवकर पोचा. फाटक डोटिंगर होहेच्या सरळ पट्ट्याला लागून आहे. आधी ब्र्युनशेन या वळणाजवळच्या प्रेक्षकांच्या जागेवर अर्धा तास उभे राहा आणि हळू गाड्या साईड कशी देतात तेवढंच बघा. पाऊस पडून गेला असेल तर झाडांखालचा रस्ता तासन्‌तास वाळत नाही. पहिल्यांदाच आला असाल आणि रस्ता ओला असेल, तर तिकीट न काढता परत जा. तीनशे किलोमीटर आलोय म्हणून जायचंच, हा विचार मनातून काढून टाका.

७. पहिली फेरी: साईड देणं

आसन असं लावा की खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. आरसे आता लावा, फाटकातून निघाल्यावर नाही.

आपल्याला एक जास्तीची अडचण आहे. आपले हात-डोळे महाराष्ट्रात घडले. तिथे आपण डावीकडे चालतो आणि मागचा उजवीकडून येतो, म्हणून डोळा आपोआप उजव्या आरशाकडे जातो. इथे सगळं उलटं. ओलांडणारा तुमच्या डावीकडून येतो. घाबरलेल्या क्षणी जुनी सवय वर येते आणि माणूस डावीकडे सरकून साईड देतो, नेमका येणाऱ्याच्या वाटेत. म्हणून आउटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर, किमान काही महिने चालवून डावा आरसा अंगवळणी पडल्याशिवाय इथे येऊ नका.

साईड द्यायची पद्धत अशी. प्रत्येक वळणातून बाहेर पडलं की आरसा. मागे गाडी दिसली आणि जवळ येतेय, तर पुढच्या सरळ तुकड्यावर उजवा इंडिकेटर लावा, उजवी कड धरा, ॲक्सिलरेटर थोडा सोडा. ब्रेक मारू नका, मागच्याचा अंदाज चुकतो. इंडिकेटरचा अर्थ "तुला पाहिलंय, मी इथेच राहतोय, तू जा" एवढाच. तो गेला की पुन्हा आरसा, कारण एकामागे दुसरा असतोच, आणि पहिल्याच्या आड तो दिसत नाही. तोही गेला की इंडिकेटर बंद.

वळणाच्या मध्यात कुणी येऊन चिकटला तर काहीही करू नका. आहे ती रेषा, आहे तो वेग. वळण संपलं की साईड द्या. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. नवख्यांचे कितीतरी अपघात घाईघाईत भलेपणा दाखवायला गेल्याने होतात.

मागे कुणी असेल तेव्हा वळणाची आदर्श रेषा विसरा. अख्खा रस्ता वापरून बाहेरून आत आणि आतून बाहेर जाणं हे रिकाम्या रस्त्यावरचं काम. १९८३ मध्ये श्टेफान बेलोफने पोर्शे ९५६ मध्ये ६ मिनिटं ११.१३ सेकंदांची फेरी मारली, २०१८ मध्ये टिमो बेर्नहार्टने ५ मिनिटं १९.५४६ सेकंद. ते बंद केलेल्या ट्रॅकवर. तुमच्या रस्त्यावर व्हॅन आहे.

अनुभवी मित्र असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याला एकच काम द्या. ट्रकवरचा क्लीनर जसा मागे बघून "येऊ द्या, येऊ द्या" सांगतो, तसं मागचं सांगायचं. तो अनुभवी नसेल तर एकटेच जा. शेजारी बसून ओरडणारा, व्हिडिओ काढणारा मित्र नको.

आणि ज्याने ओलांडलं त्याचा पाठलाग करू नका. त्याला पुढचं वळण माहीत आहे, तुम्हाला फक्त त्याचे दिवे दिसतायत.

८. या जागा लक्षात ठेवा

*हात्झेनबाख.* सुरुवातीलाच, एकाला एक जोडलेली वळणं. टायर अजून थंड असतात. इथे जोर काढायचा नाही.

*श्वेडेनक्रॉयत्स ते आरेमबेर्ग.* अतिशय वेगवान डावं वळण, तेही चढाच्या माथ्यावर, पलीकडचं दिसत नाही. त्यानंतर लगेच हळू उजवं. ब्रेक मारायचा तो गाडी सरळ झाल्यावर, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या बऱ्याच आधी.

*फुक्सरोअर ते आडेनाउअर फोर्स्ट.* सगळ्यात जास्त नवखे इथे फसतात. उतारावर गाडी सुसाट धावते, तळाशी दाबली जाते, मग चढ. सगळं छान चाललंय असं वाटत असताना माथ्यावर रस्ताच दिसेनासा होतो आणि डावी-उजवी अशी अगदी हळू जोडी समोर येते. प्रेक्षक कॅमेरे घेऊन इथे का उभे असतात ते तेव्हा कळतं. चढ चढतानाच वेग उतरवा. माथा दिसल्यावर उशीर झालेला असतो.

*वेअरझायफेन, ब्रायडशाइड.* उतार, तापलेले ब्रेक. माझी गोष्ट वर सांगितलीच.

*बेर्गवेर्कनंतरचा केसेलशेनचा लांब चढ.* साईड द्यायला अख्ख्या रिंगवरची सगळ्यात चांगली जागा. छोटी गाडी इथे आपोआप मागे पडते, मोठ्या गाड्या सहज निघून जातात. मागे साचलेली रांग इथे मोकळी करा.

*कारुसेल.* काँक्रीटची तिरपी खोबण, त्यातून फिरायचं. काँक्रीट खडबडीत आहे, गाडी थडथडते, ठेंगण्या गाडीचं पोट घासू शकतं. सावकाश आत शिरा आणि बाहेर पडताना स्टिअरिंग घट्ट धरा.

*फ्लांत्सगार्टेन.* चढावरून गाडी हलकी होते, वेग जास्त असेल तर चाकं जमीन सोडतात. चाकं हलकी असताना ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

*डोटिंगर होहे.* दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. फेरी संपली म्हणून मन सैल होतं, आणि मागच्यांचा वेग इथेच सर्वांत जास्त असतो. उजवीकडे राहा, आरसा बघत राहा. पट्ट्याच्या शेवटी वेग उतरवून बाहेर पडायचं असतं, सलग दुसरी फेरी मारता येत नाही.

९. काही बिघडलं तर

पिवळा झेंडा किंवा दिवा दिसला की वेग उतरवा, ओलांडणं बंद, आणि मागच्याला कळावं म्हणून धोक्याचे दिवे लावा. पुढच्या वळणाआड माणूस रस्त्यावर असू शकतो.

तुमची गाडी बंद पडली किंवा ऑइल, कूलंट गळतंय अशी शंका आली, तर "फाटकापर्यंत नेतो" असं करू नका. रस्त्यावर सांडलेलं ऑइल मागच्या दहा जणांना कठड्यावर घालतं, आणि जबाबदारी तुमची. उजवीकडे रस्त्याबाहेर घ्या, धोक्याचे दिवे, जाकीट अंगात, आणि कठड्याच्या पलीकडे जा. गाडीत बसून राहायचं नाही. मग फोन. आपत्कालीन क्रमांक प्रवेशाजवळ लावलेला असतो, तो निघण्याआधीच मोबाइलमध्ये घाला.

१ ऑगस्ट १९७६ रोजी, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, निकी लाउडाची फेरारी बेर्गवेर्कच्या आधी आदळून पेटली. त्याला आगीतून बाहेर काढलं ते मागून आलेल्या आर्तुरो मेर्झारियो आणि इतर चालकांनी. एवढ्या लांबीच्या मार्गावर मदत पोचायला वेळ लागतो हे जगाला तेव्हा दिसलं, आणि फॉर्म्युला वन या मार्गावर परत आली नाही. आज कॅमेरे आहेत, सुरक्षा गाड्या आहेत, तरी २० किलोमीटर ते २० किलोमीटरच. अपघाताच्या जागी पहिले तुम्हीच असाल, तर आधी स्वतः सुरक्षित जागी थांबा, फोन करा, आणि मागच्यांना दुरून दिसेल असं जाकीट हलवा. धावत रस्त्यावर जाऊ नका.

१०. फेरीनंतर

शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक न वापरता काढा. बाहेर आल्यावर लगेच गाडी उभी करू नका. शेजारच्या बी २५८ रस्त्यावर दहा मिनिटं सावकाश फिरवून आणा, म्हणजे ब्रेक आणि इंजिन थंड होतील. उभी करताना हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड तापलेल्या डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, सपाट जागा बघा.

मग टायरचा दाब, बोल्ट, ऑइल, ब्रेक पेडल. पेडल जरा जरी मऊ लागलं तर त्या दिवशी दुसरी फेरी नाही. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या पुरेत, फार तर तीन, आणि दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. पाणी प्या, काहीतरी खा. दहा-बारा मिनिटांची एक फेरी डोक्याला किती थकवते ते तेव्हा कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत माणसाला रस्ता येतो असं वाटू लागतं आणि लक्ष मात्र उतरलेलं असतं.

घरी निघण्याआधी जवळच्या आडेनाउ गावात कॉफी घ्या आणि वही काढून लिहा: कुठे घाबरलो, कुठे उशिरा आरशात बघितलं, कुणाला साईड द्यायला चुकलो. माझ्या वहीत पहिल्या दिवसाच्या नोंदीत 'एक्स-म्युले, निळी गाडी, पाहिलीच नाही' असं आहे (एक्स-म्युले म्हणजे ब्रायडशाइडच्या पुलानंतरचं वळण). त्यानंतर निघा. निघाल्यावर पहिले पन्नास किलोमीटर स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघा, कारण ताशी १३० चा वेग तुम्हाला उभ्या गाडीसारखा वाटणार आहे.